समकालीन कवितेचे वाचन आणि परीक्षण

प्राचीन अथवा मध्ययुगीन कवितेकडे वळणाऱ्या अभ्यासकाला एकट्याने वाट काढावी लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या वाचकापाशी कोश असतात, सार्थ आवृत्त्या असतात, पाठभेदांची चर्चा असते आणि शतकानुशतके चालत आलेली निरूपणाची परंपरा असते. एखाद्या ओवीचा अर्थ लागला नाही, तर उणीव आपल्या वाचनात असावी असे तो प्रथम गृहीत धरतो. समकालीन कवितेच्या बाबतीत नेमके उलट घडते. नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या संग्रहाला टीका नसते, टिपा नसतात आणि अधिकारी वाचकांचे एकमतही नसते. तेथे अर्थ लागला नाही, की दोष कवितेचा, असे मानण्याकडे मनाचा कल होतो. अनुभव एकच, पण त्यावरून काढलेले निष्कर्ष परस्परविरोधी; आणि ते कवितेच्या गुणांवरून नव्हे, तर तिच्या वयावरून काढलेले! समकालीन कवितेच्या परीक्षणाचा विचार या विसंगतीपासूनच सुरू व्हावयास हवा.

मराठीत ग्रंथपरीक्षणाची परंपरा काही आजची नाही. १८६७ साली सुरू झालेले 'विविधज्ञानविस्तार', १८७४ सालापासूनची विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला', पुढे 'सत्यकथा', आणि १९६२ साली निघालेले, ग्रंथसमीक्षेलाच वाहिलेले 'आलोचना' ही त्या परंपरेतील काही ठळक नावे होत. असे असूनही कवितासंग्रहांचे परीक्षण बहुधा दोन टोकांपैकी एकाकडे झुकते. एक तर ते निकालपत्र बनते, किंवा मग ते कवीचा गौरवपर परिचय बनते. या दोहोंत एक गोष्ट समान असते : परीक्षकाने ती कविता कशी वाचली, हे दोन्हींत कळत नाही. वस्तुतः समकालीन कवितेच्या परीक्षकाचे पहिले कर्तव्य निर्णय देणे हे नसून, दुसऱ्या वाचकाला कवितेशी ताडून पाहता येईल असे वाचन मांडणे हे आहे. निर्णय टाळावा असा याचा अर्थ नव्हे. तो ज्या वाचनावर उभा आहे ते वाचन आधी दिसले पाहिजे, एवढाच आहे.

वाचनातील अंतराय

सुशिक्षित वाचकाचे वाचनही किती ठिकाणी अडखळते, याचा पद्धतशीर पुरावा आय. ए. रिचर्ड्स यांच्या १९२९ सालच्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात सापडतो. केंब्रिज येथील आपल्या श्रोत्यांना त्यांनी कवींची नावे वगळून काही कविता दिल्या आणि त्यांच्यावर लेखी अभिप्राय मागविले. त्या कवितांत सतराव्या शतकातील जॉन डनची रचना होती, तशीच जिचा कवी मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, १९१८ साली, प्रथम ग्रंथरूपाने वाचकांसमोर आला त्या हॉपकिन्सचीही होती, आणि डी. एच. लॉरेन्स या तेव्हा हयात असलेल्या लेखकाचीही होती. अभिप्राय देणारे बहुतेक साहित्याचेच विद्यार्थी होते. तरीही पुष्कळांना कवितेचा साधा वाच्यार्थही लागला नव्हता. काहींनी कवितेतील प्रसंगाला आपल्या आयुष्यातील आठवण जोडली आणि त्या आठवणीचेच परीक्षण केले. काहींनी ठरावीक विषयाला ठरावीक प्रतिसाद दिला. काहींना कवितेतील श्रद्धा मान्य नव्हती, म्हणून कविताही मान्य झाली नाही. रिचर्ड्स यांनी अशा दहा अडचणी नोंदविल्या आहेत.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ही यादी अगदीच अनोळखी वाटू नये. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांत, आपल्याच सुखदुःखाच्या अधीन होऊन जाणे, म्हणजे 'निजसुखादिविवशीभाव', हे एक आहे; आणि प्रतीतीची साधनेच अपुरी असणे, म्हणजे 'प्रतीत्युपायवैकल्य', हे आणखी एक. ही चर्चा मूळ नाट्यास्वादाची आहे आणि तिची भूमिका रिचर्ड्सच्या मानसशास्त्रीय भूमिकेहून सर्वस्वी भिन्न आहे. दोन्हींची सरमिसळ करणे योग्य नव्हे. तथापि एका मुद्द्यावर त्या एकत्र येतात. कविता आणि वाचक यांच्यामध्ये जे अडथळे उभे राहतात, त्यांतील काही कवितेत असतात आणि काही वाचकात. आणि ते वेगळे ओळखल्याखेरीज कवितेविषयी कोणतेही विधान करता येत नाही. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचा मनोमुकुर निर्मळ झाला आहे तो सहृदय, असे अभिनवगुप्त म्हणतो तेव्हाही सहृदयता ही जन्मजात देणगी नसून सरावाने येणारी पात्रता आहे, हेच त्याला अभिप्रेत दिसते.

पदव्युत्तर वर्गात रिचर्ड्सचा प्रयोग मराठी कवितेवर सहज करता येण्याजोगा आहे. नाव झाकले, की प्रतिष्ठेचा दबाव जातो आणि अनामिक नवकवीला प्रस्थापित कवीइतकेच लक्षपूर्वक वाचले जाते. परंतु या प्रयोगाला मर्यादाही आहे. नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) या संग्रहातील कविता मुंबईतील कामगारजीवनाच्या संदर्भापासून तोडून वाचली, तर तिच्यातील 'मी' हा व्यक्तीचा आहे की एका संपूर्ण वर्गाचा आहे, हा तिच्या गाभ्याचा प्रश्नच वाचकाला पडणार नाही. म्हणून पहिले वाचन नावाशिवाय आणि दुसरे वाचन संदर्भासह, असा क्रम ठेवणे हितावह ठरते. क्रम उलटला तर संदर्भच कवितेची जागा घेतो.

दुर्बोधता : एक शब्द, अनेक आरोप

समकालीन मराठी कवितेविषयी सर्वांत अधिक वेळा उच्चारला गेलेला आक्षेप दुर्बोधतेचा होय. बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितेपासून या वादाला विशेष धार आली. १९३९ सालच्या 'शिशिरागम'मधील कविता तत्कालीन वाचकाच्या परिचयाच्या भाववृत्तीला जवळची होती. आठ वर्षांनी, १९४७ साली, 'काही कविता' प्रसिद्ध झाली तेव्हा तोच वाचक गोंधळून गेला. महायुद्ध, यंत्र आणि महानगर यांनी ग्रासलेला माणूस त्या कवितेत आला होता. संतवाणीची लकब, यंत्रशाळेतील शब्द, संस्कृत समास आणि इंग्रजी शब्द त्यात शेजारी शेजारी बसले होते. मुख्य म्हणजे, दोन प्रतिमांमधील 'जसे' आणि 'तसे' हे जोडशब्द कवीने काढून टाकले होते.

परंतु 'दुर्बोध' या एका विशेषणाखाली किमान चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, शब्द अथवा संदर्भ वाचकाला अपरिचित असणे. दुसरी, विचाराचे वा प्रतिमांचे दुवे कवीने हेतुपुरस्सर गाळणे. तिसरी, कवितेत ज्यांचा कोणताही माग लागत नाही अशा खाजगी संदर्भांवर अर्थ अवलंबून असणे. आणि चौथी, कवीचीच जाणीव अस्पष्ट असणे. यांपैकी पहिलीचा परिहार कोश आणि चौकशी यांनी होतो. दुसरी ही त्या कवितेची पद्धती असते आणि वाचकाने जुळवणी करणे हा तिच्या आस्वादाचाच भाग असतो. तिसरी शंकास्पद असते. दोष म्हणता येईल तो निश्चितपणे चौथीलाच. 'ही कविता दुर्बोध आहे' एवढेच लिहून थांबणारा परीक्षक यांपैकी कोणता आरोप करीत आहे हे सांगत नाही, आणि म्हणूनच त्याच्या विधानाचे खंडन अथवा समर्थन करणे कोणालाही शक्य होत नाही.

मर्ढेकरांच्या कवितेतील अडचण बहुतांशी दुसऱ्या प्रकारची होती. दुवे जोडून पाहणाऱ्या वाचकाला ती उलगडू लागली, आणि एका पिढीच्या आत ती विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाली. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ची गोष्ट निराळी. १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली, त्याच सुमाराचा हा संग्रह. त्यातील अनेक शब्द पांढरपेशा वाचकाला कळले नाहीत. पण कामाठीपुऱ्याच्या परिसरात वावरणाऱ्या माणसाला ते रोजच्या वापरातील होते. तेथील दुर्बोधता शब्दांत नव्हती. ती वाचकाच्या सामाजिक अंतरात होती. अशा वेळी परीक्षकाने अर्थ विचारीत जाणे हाच प्रामाणिक मार्ग ठरतो. जो शब्द प्रमाणकोशात नाही तो मराठीच नाही, असा निवाडा देणे म्हणजे स्वतःच्या अज्ञानाला निकषाचे रूप देणे होय.

ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) या संग्रहापासून पुढे वारंवार झालेला आरोप मुख्यतः तिसऱ्या प्रकारचा आहे. तेथेही एक कसोटी उपलब्ध असते. एखादी प्रतिमा एकाच कवितेत आली तर ती खाजगी वाटते; तीच प्रतिमा संग्रहभर निरनिराळ्या संदर्भांत पुनःपुन्हा येऊ लागली, तर त्या संदर्भांतूनच तिच्याभोवती अर्थाचे वलय तयार होते आणि ती वाचकाच्याही मालकीची होते. हे घडले आहे की नाही, हे एक कविता वाचून ठरत नाही. त्यासाठी पूर्ण संग्रह वाचावा लागतो आणि प्रतिमांची नोंद ठेवावी लागते. हे काम कंटाळवाणे खरे. पण त्यावाचून दिलेला निर्णय ही केवळ रुचीची कबुली राहते.

रचनेकडे पाहण्याची दृष्टी

नव्या कवितेचे परीक्षण आशयाच्या सारांशावर संपावे, ही उणीव फार मोठ्या प्रमाणात आढळते. वस्तुतः रचनेतील बदल हा पुष्कळदा आशयातील बदलाचा पहिला पुरावा असतो. केशवसुतांनी १८९२ साली चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले, तेव्हा त्यांनी केवळ एक परकीय आकृती उसनी घेतली असे नव्हे; एक विचार उभारून त्याला शेवटी वळण देण्याची सोय त्यांनी मराठी भावकवितेला करून दिली. मर्ढेकरांनी अभंग, ओवी आणि पादाकुलक या जुन्या रचना वापरल्या, हेही असेच अर्थपूर्ण आहे. अभंगाची चाल कानावर पडताच मराठी वाचकाच्या मनात ईश्वराला उद्देशून केलेल्या आळवणीची अपेक्षा जागी होते. त्या चालीतून यंत्रयुगातील अगतिकता आली, की अपेक्षा आणि आशय यांच्यात ताण निर्माण होतो. हा ताण म्हणजेच त्या कवितेचा अनुभव. परीक्षकाने छंदाचे नाव सांगून पुढे जाणे पुरेसे नसते. त्या छंदाने कोणती अपेक्षा जागी केली आणि तिचे पुढे काय झाले, हे सांगावे लागते.

मुक्तछंदाविषयी तर अधिकच काळजी घ्यावयास हवी. अनिल यांनी मुक्तछंदाचा हिरिरीने पुरस्कार केला आणि त्यांनीच पुढे 'दशपदी' ही दहा ओळींची बांधीव रचनाही सिद्ध केली. एकाच कवीची ही दोन रूपे पाहिली, म्हणजे मुक्तछंद हा बंधनाचा कंटाळा नसून निराळ्या बंधनाचा शोध आहे, हे ध्यानात येते. 'गद्याचे तुकडे पाडले आहेत' हा त्यावरील आक्षेप काही कवितांबाबत खरा असतो आणि काहींबाबत सर्वथा खोटा असतो. तो तपासण्याची एक साधी रीत आहे. कवितेच्या ओळी सलग गद्याप्रमाणे लिहून काढाव्यात आणि मोठ्याने वाचाव्यात. काहीच हरवले नाही, तर ओळींची मोडणी निरर्थक होती. एखादा विराम, एखादा धक्का अथवा शब्दावरचा भार हरवला, तर त्या मोडणीला काम होते. आणि ते काम कोणते, हे परीक्षकाने दाखवून द्यावे.

उद्गार कोणाचा?

कवितेतील 'मी' म्हणजे कवी, हे समीकरण समकालीन कवितेच्या वाचनात विशेष घट्ट असते, कारण कवी हयात असतो, परिचयाचा असतो, त्याच्या आयुष्यातील घटना ऐकून ठाऊक असतात. इंदिरा संत यांचे पती ना. मा. संत यांचे १९४६ साली निधन झाले. त्यानंतरच्या त्यांच्या कवितेतील विरहाचा उद्गार या घटनेशी जोडून वाचण्याची रीत इतकी रूढ झाली, की त्या कवितेतील निसर्गप्रतिमांची योजना आणि संयत शब्दकळा यांकडे पुष्कळदा दुय्यम लक्ष गेले. चरित्राने कवितेवर प्रकाश पडतो हे खरे. परंतु तो प्रकाश इतका प्रखर होऊ नये, की कविताच दिसेनाशी व्हावी.

उद्गार कोणाचा, हा प्रश्न केवळ आस्वादापुरता मर्यादित राहत नाही. 'काही कविता'बद्दल मर्ढेकरांवर अश्लीलतेच्या आरोपाखाली खटला झाला आणि अखेर त्यांची निर्दोष मुक्तता झाली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचे प्रकरण त्याहून अलीकडचे आहे. ती १९९४ साली एका बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात छापली गेल्यावरून खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१५ रोजी दिलेल्या निर्णयात प्रकाशक व मुद्रक यांना आरोपातून मुक्त केले. परंतु आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले असता समकालीन समाजमानाची कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागते, असे मत नोंदवून कवीवरील आरोपाचा विचार खटल्यातच व्हावा, असे ठरविले. कवितेतील 'गांधी' ही ऐतिहासिक व्यक्ती, की त्या नावाचे समाजाने चालविलेले व्यवहार, हा प्रश्न काव्यवाचनाचा आहे. आणि त्याच्या उत्तरावर एका कवीचे स्वातंत्र्य अवलंबून राहू शकते.

या संदर्भात मम्मटाची भूमिका आजही उद्बोधक आहे. 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात त्याने ग्राम्य आणि अश्लील हे दोष सांगितले आहेतच. पण वक्ता, प्रसंग इत्यादींच्या औचित्यामुळे दोषही क्वचित गुण ठरतो, तर क्वचित तो दोषही राहत नाही आणि गुणही होत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. शब्द सुटा काढून त्याचा निवाडा करता येत नाही. तो कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी उच्चारतो हे पाहावे लागते. जो परीक्षक निषेधासाठी वा कौतुकासाठी कवितेतून सुटे शब्द उचलतो, तो नकळत फिर्यादीचीच पद्धत स्वीकारीत असतो.

परीक्षणाची घडण

येथवरच्या विवेचनातून परीक्षणलेखनासंबंधी काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. संग्रह निदान तीनदा वाचावा, आणि त्यांतील एक वाचन मोठ्याने असावे. डोळ्यांना सपाट वाटलेली ओळ कानाला तशी वाटतेच असे नाही. कवितांचा क्रम आणि विभागणी यांकडे लक्ष द्यावे, कारण संग्रह ही केवळ थप्पी नसते. अवतरण देताना ते इतके पूर्ण असावे, की परीक्षकाशी असहमत होण्यास लागणारी सामग्री वाचकाच्या हाती पडावी. 'प्रत्ययकारी', 'अस्सल', 'तरल' यांसारख्या विशेषणांना पुराव्याची जोड नसेल, तर ती गाळावीत. तुलना करावयाची झाल्यास प्रथम त्याच कवीच्या आधीच्या संग्रहाशी आणि नंतर परंपरेशी करावी. अन्यथा प्रत्येक नवा कवी मर्ढेकरांच्या वा ढसाळांच्या मापाने मोजला जातो आणि त्याचे स्वतःचे पाऊल किती पुढे पडले, हे कळतच नाही. संग्रहाच्या प्रस्तावनेचा आणि मलपृष्ठावरील मजकुराचा परिणाम होऊ नये यासाठी ते अखेरीस वाचावेत. मराठी साहित्यविश्व लहान आहे. कवी आणि परीक्षक यांचा स्नेह किंवा वैर असणे अस्वाभाविक नाही. अशा संबंधाची स्पष्ट नोंद करणे, किंवा ते लेखन दुसऱ्याकडे सोपविणे, हा शिष्टाचार विद्यापीठीय नियतकालिकांनी तरी पाळावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. समकालीन कविता केवळ संग्रहात नसते. केशवसुतांच्या कविता 'काव्यरत्नावली'सारख्या नियतकालिकांतून विखुरल्या होत्या; १९०५ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांचा संग्रह त्यानंतरच निघाला. अरुण कोलटकर यांचे काव्यलेखन पन्नासच्या दशकात सुरू झाले, ते अनियतकालिकांच्या चळवळीत वाढले. परंतु 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह प्रसिद्ध व्हावयास १९७७ साल उजाडले. दोन्ही उदाहरणांत, ग्रंथाची वाट पाहत बसलेला परीक्षक त्या कवींचा समकालीन असूनही त्यांच्या कवितेचा समकालीन ठरला नाही. म्हणून विभागांनी नियतकालिकांतील कवितांचे सूचीकरण आणि वार्षिक आढावा ही कामे संशोधनाचा भाग मानली पाहिजेत.

अखेरीस निर्णयाचा प्रश्न उरतो. समकालीन कवितेविषयीचे निर्णय पुढील पिढ्या फिरवितात, हा वाङ्मयेतिहासाचा अनुभव आहे. आणि केवळ त्या भयाने मौन पाळणारा परीक्षक आपले काम नाकारतो. परंतु फिरलेल्या निर्णयांचे प्राक्तन सारखे नसते. ज्या परीक्षणात केवळ निकाल होता, ते निकालाबरोबरच निकामी झाले. ज्यात एका जाणत्या वाचकाने, त्या काळी, ती कविता कोठे अडखळत, कोठे थांबत आणि कशाच्या आधाराने वाचली याची नोंद होती, ते आजही त्या कवितेच्या अभ्यासकाला उघडावे लागते. तेथील मत कोणी स्वीकारीत नसेल. पण कविता नवी असताना ती कशी दिसत होती, हे सांगणारा दुसरा साक्षीदार त्याला मिळणार नसतो.